जुन्या छायाचित्रांतला पोशाख आणि आपण

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात ‘मराठी वेशभूषेची परंपरा’ या नावाने एक प्रदर्शन भरले. एकोणिसाव्या शतकात स्टुडिओत काढलेली पंचवीसतीस छायाचित्रे मोठी करून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. सरदार, वकील, शास्त्री, सावकार, त्यांच्या पत्नी, त्यांची मुले. प्रत्येक छायाचित्राखाली सुवाच्य अक्षरात माहिती होती. ही चक्री पगडी, ही शिंदेशाही, हा अंगरखा, ही बाराबंदी, ही पैठणी, ही चिंचपेटी. दाराजवळच्या कोपऱ्यात आणखी दोन छायाचित्रे होती. त्यांतली माणसे उभी होती, उघड्या अंगाची होती, आणि त्यांच्याखाली वस्त्राचे नाव नव्हते. जातीचे होते.

प्रदर्शन मांडण्यात मीही होतो. नावे चिकटवायला मीच मुलांना सांगितले होते, आणि तरीही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती आणून दिली बी. ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने. सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून एस. टी. ने येणारी ही मुलगी. तिने विचारले, “सर, ह्यायच्या खाली कपड्याचं नाव लिवलंय अन् त्यायच्या खाली जातीचं. असं काहून?”

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ‘मूळ पुस्तकात तसेच होते’ असे म्हणालो. ते खरेही होते. पण मूळ पुस्तकात तसे का होते, आणि आजही आम्ही ते तसेच का उतरवून घेतले, हा खरा प्रश्न होता. प्राध्यापक म्हणून मी तो टाळला. पुढचे विवेचन हे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

१

प्रथम या छायाचित्रांचा व्यवहार कसा होता ते पाहिले पाहिजे. १८५१ मध्ये काचेवर कलोडियनचा लेप देऊन छायाचित्र घेण्याची रीत निघाली आणि एका काचेवरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावरच्या छोट्या छायाचित्रांचे पेटंट घेतले आणि पाहता पाहता ही छायाचित्रे युरोपात भेटीच्या चिठ्ठीसारखी वाटली जाऊ लागली. मुंबई यात मागे राहिली नाही. १८५४ मध्येच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि धंदेवाईक छायाचित्रकार हरिचंद्र चिंतामण ही या क्षेत्रातली आरंभीची एतद्देशीय नावे. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला असे म्हणता येत नाही. तो वेळेवर आला. फक्त तो कोणाच्या दारी आला हा प्रश्न आहे.

स्टुडिओ म्हणजे काय? एक रंगवलेला पडदा, एक कोरीव खुर्ची, एक उंच तिवई, गालिचा, कधी एखादा खोटा खांब. काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ निश्चल बसावे लागे. डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावीत. त्या काळच्या चेहऱ्यांवर जो ताठा दिसतो तो सगळाच मानाचा नव्हे, काही अंशी त्या चिमट्याचाही आहे. अशा ठिकाणी माणूस रोजच्या कपड्यात जात नसे. पेटीतला ठेवणीतला पोशाख बाहेर निघे. पगडीच्या घडणीवरून माणसाची जात, त्याचा दर्जा, त्याचा मुलूख कळे. हातात पुस्तक घेतले की विद्या दिसे, घड्याळाची साखळी लोंबली की पैसा दिसे, मांडीवर पाय टाकला की नवा बूट दिसे.

या बुटापाशी थोडे थांबले पाहिजे. आमच्या प्रदर्शनात या पोशाखाला ‘परंपरा’ म्हटले होते. पण नीट पाहिले तर त्यांतला निम्मा पोशाख परंपरा नव्हे, त्या दशकातली फॅशन आहे. खाली धोतर, वर विलायती कापडाचा कोट, डोक्याला पगडी आणि पायात बूट हा मेळ पेशवाईत कोठे होता? पुढे स्त्रियांच्या अंगात चोळीऐवजी लांब बाह्यांचे, लेस लावलेले पोलके दिसू लागते, तेही नवेच. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आनंदीबाई जोशींचे १८८५ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली या त्यांच्यासोबत आहेत, आणि तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. वरच्या जातींतल्या माणसांनी त्या शतकात पोशाख बदलला, जुळवला, मोडला, पुन्हा घडवला. त्यांच्यावर त्यांच्याच जातीतून टीका झाली, बहिष्कारही पडले, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला त्याचा छळ आला. हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या बदलाला शेवटी इतिहासात जागा मिळाली ती ‘सुधारणा’ या नावाने. आपल्या माणसांनी तोच बदल केला की त्याला एकच नाव होते, माज. खेड्यात महाराच्या पोराने पायात वहाण घालून गावातून जाऊ नये, मांगाच्या बाईने पदर अमुकच पद्धतीने घ्यावा, हे नियम ज्या काळात गावोगाव पाळले जात होते त्याच काळातले हे बूट आहेत. छायाचित्रातला बूट वाचायचा तर त्या बुटाबरोबर अनवाणी पाय वाचावा लागतो. तो छायाचित्रात नाही.

२

आता कोपऱ्यातल्या त्या दोन छायाचित्रांकडे येऊ.

एकोणिसाव्या शतकात छायाचित्रांची दोन खाती होती. एका खात्यात माणूस स्वतःच्या पायांनी स्टुडिओत जाई, पैसे देई, पोशाख निवडी आणि प्रत घरी नेई. दुसऱ्या खात्यात छायाचित्रकार माणसाकडे जाई, त्याला उभे करी, आणि प्रत सरकारच्या दप्तरात जाई. पहिल्यात व्यक्ती असे. दुसऱ्यात नमुना असे. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनच्या इंडिया म्यूझियमने काढला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. लॉर्ड कॅनिंग यांच्या हौसेतून सुरू झालेले हे काम १८५७ नंतर राज्यकारभाराची गरज बनले. कोणती जात राजनिष्ठ, कोणती चोर, कोणती उपयोगी, हे ओळखायचे तर ती दिसते कशी हे कळले पाहिजे. त्या खंडांतही खुर्चीवर बसलेली, नावानिशी ओळखली जाणारी माणसे आहेत. पण बहुसंख्यांना नाव नाही. त्यांचा पोशाख हा पोशाख नाही, तो पुरावा आहे.

त्याच सुमारास, १८६३ आणि १८६६ मध्ये, विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या जातिजमातींवर दोन खंड काढले. त्यातली युक्ती मोठी बोलकी आहे. माणसांची छायाचित्रे घेतली स्टुडिओत, आणि मग त्या आकृती कापून दुसऱ्याच ठिकाणच्या दृश्यांवर चिकटवल्या. पाहणाऱ्याला वाटावे की ही माणसे आपल्या जागी, आपल्या पोशाखात सहज उभी आहेत. पोशाख तोच, माणूस तोच, पण तो कोठे उभा आहे हे त्याने ठरवलेले नाही. कात्री दुसऱ्याच्या हातात आहे. या कात्रीची आठवण आपल्याला पुढे लागणार आहे.

‘पीपल ऑफ इंडिया’साठी छायाचित्रे देणाऱ्यांत हूपर नावाचा एक लष्करी अधिकारी होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात मद्रास इलाख्यात त्याने उपाशी माणसांची छायाचित्रे घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसे, कडेवर लेकरे, आणि त्यांना व्यवस्थित रांगेत, लहानमोठे पाहून, घरंदाज कुटुंबाच्या चित्रासारखे बसवलेले. स्टुडिओचे सगळे नियम तेथे पाळलेले आहेत. फक्त कपडा नाही.

हे केवळ इंग्रजांनी केले असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला होते. तेथे हा ग्रंथ पाहून त्यांना अपमान वाटला, आणि तो स्वाभाविक होता. त्यांनी लिहून ठेवलेला प्रसंग असा की ग्रंथ चाळणाऱ्या एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला तू हिंदुस्थानी का असे विचारले. मुलाने होय म्हटले, पण लगोलग सांगितले की आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नव्हे, आपले पूर्वज बाहेरून आलेले. उच्चभ्रूंचा या ग्रंथावरचा आक्षेप नेमका काय होता हे या प्रसंगात दिसते. माणसाला नमुना करणे चूक आहे असे त्या मुलाने म्हटले नाही. तो नमुना मी नव्हे, एवढेच तो म्हणाला. आमच्या प्रदर्शनाने दीडशे वर्षांनी हेच केले. पगडीवाल्यांना आपले म्हणून भिंतीच्या मध्यभागी लावले आणि उरलेल्यांना जातीची चिठ्ठी चिकटवून कोपऱ्यात ठेवले.

३

आपला हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती १९०३ पर्यंत टिकली. तेव्हा आपल्याकडे पोशाखाची फॅशन पाहायची तर पुण्याइतकेच हैदराबादकडे पाहिले पाहिजे. हैदराबादचा छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ काढला. १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला. १८९४ मध्ये सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, त्यांना ‘राजा’ ही पदवी दिली, आणि १८९६ मध्ये त्यांचा स्टुडिओ मुंबईतही निघाला. त्यांच्या काचा आज मोठ्या संख्येने दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्यांत शेरवानी आहे, दस्तार आहे, बग्गीवाले उमराव आहेत, विलायती झग्यातल्या मडमा आहेत. महबूब अली खानाचे कपाट हैदराबादच्या पुरानी हवेलीत आजही दाखवतात. एका माणसाच्या कपड्यांना एक लांबलचक दालन लागत होते.

आणि याच दीनदयाळांच्या स्टुडिओने एकोणिसावे शतक संपता संपता तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळी कामांचीही छायाचित्रे घेतली. कॅमेरा तोच, काच तीच, कारागिरीही तीच. एकीकडे एकच माणूस पूर्ण चौकट व्यापतो. दुसरीकडे शेकडो माणसे एका चौकटीत मावतात. पोशाखाचा इतिहास लिहिणारे पहिल्या चौकटीवर पानेच्या पाने लिहितात. दुसऱ्या चौकटीत त्यांना ‘पोशाख’ दिसत नाही, कारण चिंध्यांना फॅशन म्हणत नाहीत. पण लंगोटी, घोंगडी, धडपा, वाकळ हीही वस्त्रेच आहेत. ती कोणी विणली, किती वर्षे वापरली, कशी सांधली, एका घोंगडीत किती माणसे निजली, हाही पोशाखाचाच इतिहास आहे. जोतिबांनी तो ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ मध्येच लिहायला घेतला होता. शेतकऱ्याच्या घरातले एकेक फाटके कापड त्यांनी जसे मोजले तसे कोणत्याही कॅमेऱ्याने मोजलेले नाही.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या स्वभावातली आहे. विज्ञानाच्या एका सहकारी प्राध्यापकाने ती मला समजावली. त्या काळच्या काचेवरचे रसायन सगळे रंग सारखे पकडत नसे. निळा प्रकाश त्याला फार लवकर लागे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ लागतच नसे. म्हणून त्या छायाचित्रांत आकाश कोरे पांढरे दिसते. तांबडे पागोटे काळे पडते. आमच्या वसमतच्या बाजारातली हळद त्या काचेसमोर ठेवली असती तर गडद माती दिसली असती. उन्हात राबून करपलेली तपकिरी कातडी आहे त्याहून काळी उमटे. आणि निळा रंग फिका पडून पांढऱ्याकडे झुके. जुन्या छायाचित्रांवरून ‘तेव्हाचे लोक काळेपांढरे वापरीत’ किंवा ‘अमुक जात फार काळी’ असे जे अडाणी निष्कर्ष काढले जातात ते या रसायनामुळे. यंत्रात जात नव्हती. पण यंत्राला जे दिसत नव्हते ते जगातच नव्हते असे म्हणणाऱ्यांना मात्र होती. ज्या निळ्या रंगाशी आज आपले नाते आहे तो त्या शतकाच्या काचेवर नीट टिकतच नव्हता, हे मला फार दिवस विसरता आले नाही.

४

काही मित्र म्हणतील, गरिबाचे छायाचित्र कोठेच निघाले नाही, यात जातीचा प्रश्न कशाला आणता? हा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. इंग्लंडच्या गिरणी कामगारालाही दुष्काळात अंग झाकायला कपडा नसेल. पण पैसा हाती आल्यावर चांगला कोट घालू नये असा धर्मशास्त्राचा दंडक त्याला नव्हता. आपल्याला होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचा पोशाख ठरवून दिला आहे. मेलेल्याची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने. हा नुसता पोथीतला श्लोक नव्हता. प्रेतावरचे कापड हा गावकीत महाराचा ‘हक्क’ होता. जे वस्त्र दुसऱ्याच्या मरणातून अंगावर येते त्यात निवड कसली?

त्रावणकोरचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. तेथे नाडर स्त्रियांनी छाती झाकण्यासाठी दशकानुदशके झगडा केला. शेवटी १८५९ मध्ये राजाने जाहीरनामा काढून परवानगी दिली, पण अट घातली की वरच्या जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र मात्र घेऊ नये. अंग झाकायला हरकत नाही, सारखे दिसायला हरकत आहे. जातीचे सगळे पोशाखशास्त्र या एका अटीत आहे.

म्हणून आपल्या चळवळीत कपडा हा नेहमीच विचाराचा भाग राहिला. सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेणमाती फेकली जाई, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत जाऊन बदलीत, अशी आठवण नोंदलेली आहे. एक लुगडे रस्त्याचे, एक शाळेचे. कोणत्याही पैठणीपेक्षा ही दोन लुगडी एकोणिसाव्या शतकाबद्दल जास्त सांगतात. जोतिबांचे जे चित्र आपल्या भिंतीवर असते त्यात डोक्याला पागोटे आणि अंगावर उपरणे आहे. पुणे नगरपालिकेत बसलेल्या, कंत्राटे घेणाऱ्या सभ्य गृहस्थाचा तो पोशाख. पण याच जोतिबांनी १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी दिलेल्या मेजवानीला जाताना फाटका शेतकरी पोशाख घातला. जरीच्या मेळाव्यात उभे राहून त्यांनी राजपुत्राला सांगितले की ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. त्या एका संध्याकाळी त्यांनी नमुन्याचा पोशाख स्वतःच्या हाताने अंगावर चढवला आणि व्यक्ती म्हणून बोलले. दोन्ही खात्यांमधली भिंत त्यांनी पाडली. आपल्या भिंतीवर पागोट्यातले जोतिबा आहेत. फाटक्या पोशाखातले जोतिबा आपण भिंतीवर लावलेले नाहीत, याचाही विचार आपण करावा.

मग १९२७ चे महाड. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना पोशाखाबद्दल सांगितले. पाहताक्षणी जात कळावी अशी लुगडे नेसण्याची पद्धत टाका, गळ्याहातातले ते जाड दागिने टाका, फाटके असले तरी स्वच्छ नेसा. स्त्रियांनी तेथल्या तेथे नेसण बदलली, आणि चित्रे व टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना ती शिकवली. समाजशास्त्राच्या वर्गात याला ‘वरच्या जातीचे अनुकरण’ म्हणून शिकवतात. मीही काही वर्षे तसेच शिकवले. आता मला ते पटत नाही. मनूने ठरवलेला पोशाख आणि मनूचे पुस्तक, दोन्ही एकाच परिषदेत उतरवले गेले. अनुकरणात वरच्याचे मोठेपण मान्य असते. येथे तर ते मोठेपण ज्यावर उभे होते ते पुस्तकच आगीत घातले होते. अंगावरची चिठ्ठी फाडणे आणि दुसऱ्याची नक्कल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५

या ठिकाणी अमेरिकेकडे पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही. जोतिबांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्या देशात १८५० मध्ये अगासी नावाच्या शास्त्रज्ञासाठी दक्षिण कॅरोलिनातल्या गुलाम स्त्रीपुरुषांचे कपडे उतरवून छायाचित्रे घेण्यात आली होती. वंशाचा पुरावा म्हणून. आणि त्याच देशात गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस आयुष्यभर कडक कॉलर, कोट आणि न हसणारा चेहरा घेऊन कॅमेऱ्यासमोर बसत राहिला. त्याची सुमारे १६० छायाचित्रे आज मोजली गेली आहेत. त्या शतकात इतकी छायाचित्रे दुसऱ्या कोणा अमेरिकनाची निघाली नाहीत. छायाचित्र या विषयावर त्याने व्याख्यानेही दिली. गुलामीत जन्मलेली सोजर्नर ट्रुथ साधा पोशाख, पांढरी शाल आणि टोपी घालून, हातात विणकाम घेऊन छायाचित्र काढवी, आणि त्या प्रती विकून आपला खर्च चालवी. १८६४ मध्ये तिने त्या छायाचित्रांचा हक्कही स्वतःच्या नावाने नोंदवला. हक्क छायाचित्रकाराचा नव्हे, जिचा चेहरा तिचा.

डग्लसने मालकाचा कोट घातला म्हणून त्याला कोणी नक्कल करणारा म्हणत नाही. कपडा कोणता यापेक्षा तो निवडला कोणी, छायाचित्र कोणी मागितले आणि प्रत कोणाकडे राहिली, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. माझ्या मते जुन्या छायाचित्राच्या समीक्षेला याच तीन प्रश्नांनी सुरुवात व्हायला हवी. पगडीचा प्रकार नंतर.

६

हे तीन प्रश्न दुसऱ्यांना विचारणे सोपे आहे. स्वतःच्या घरात विचारले तेव्हा मला त्रास झाला, तोही येथे लिहिला पाहिजे.

आमच्या घरात आजाचा एक फोटो आहे. साठ-सत्तर सालच्या दरम्यान चौदा एप्रिलला हिंगोलीच्या एका स्टुडिओत काढलेला. अंगात कोट आहे. तो कोट त्याचा नव्हता. स्टुडिओत खिळ्याला टांगलेला असे, येईल त्याने घालायचा. बाह्या त्याच्या हातापेक्षा चार बोटे लांब आहेत. खाली धोतर होते, म्हणून फोटो कमरेपर्यंतच घेतला. आजा कधी शाळेत गेला नाही, पण खिशाला पेन आहे, तोही स्टुडिओचाच. पहिली दोनतीन वर्षे शहरात शिकताना मला या फोटोची लाज वाटे. मित्र आले की मी तो कपाटामागे सरकवीत असे. आज मला वाटते की त्या कोटाची उसनवारी त्याला ठाऊक होती आणि तरी तो बसला. आदल्या शतकातल्या वकिलाच्या हातातले पुस्तकही कित्येकदा स्टुडिओचेच असे. त्याला आपण विद्वत्ता म्हणतो. मग आजाच्या पेनला ढोंग का म्हणावे?

पण या फोटोत आजी नाही. आमच्या वस्तीत मी विचारत फिरलो, तर बहुतेक घरांत पुरुषाचा कोटातला फोटो निघतो आणि त्याच काळातला बाईचा निघत नाही. महाडात नेसण बदलली स्त्रियांनी, आणि स्टुडिओत गेले पुरुष. हा आपला आपल्यावरचा आरोप आहे आणि तो मनूवर ढकलता येणार नाही.

आजी पाच वर्षांपूर्वी गेली. हार घालायला फोटो हवा होता. तिचा एकच चेहरा उपलब्ध होता, आधार कार्डावरचा. भिंतीला टेकून, पदर मागे सारून, सरकारी नियमाप्रमाणे काढलेला. बापाने तो शहरातल्या स्टुडिओत नेला. हल्ली या स्टुडिओंत संगणकात तयार साड्या असतात, चेहरा कापून त्यावर बसवायचा. दुसऱ्या दिवशी आजी पैठणीत घरी आली. गळ्यात तिने कधी न पाहिलेला सोन्याचा हार, मागे विलायती बाग.

मला ते सहन झाले नाही. जॉन्सनची कात्री मी पुस्तकात पाहिली होती, तीच आमच्या घरात आली होती. मी बापाला म्हणालो, हे खोटे आहे, हा इतिहास पुसणे आहे. बाप शांतपणे म्हणाला, “तिनं जलमात पैठणी नेसली नाही. फोटोत तरी नेसू दे. तुह्या इतिहासात तिला फाटकंच ठिवायचं का?” मला उत्तर देता आले नाही. मी तिला नमुना करू पाहत होतो हे त्या क्षणी कळले. माझ्या अभ्यासासाठी ती फाटकीच असायला हवी होती.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “तिचं पांढरं लुगडं पेटीत हाय. जयंतीला अन् बुद्धपौर्णिमेलाच नेसायची. तिला ते आवडायचं. ते कोणीच इचारलं नाही.”

ना बापाने विचारले होते, ना मी. आजीने आपला ठेवणीतला पोशाख केव्हाच निवडून ठेवला होता. तो पेटीत होता. आम्हा दोघा पुरुषांपैकी कोणालाही पेटी उघडावीशी वाटली नव्हती.

पैठणीतला फोटो भिंतीवर आहे. बापाचा तो हक्क आहे. ते पांढरे लुगडे आईने मला दिले आहे, आणि त्याची लांबी, काठ, सांधलेल्या जागा आणि नेसण्याची पद्धत मी आईकडून विचारून लिहून घेतली आहे.

विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांना म्हणूनच एक विनंती. आपल्या वस्तीतल्या घराघरांत भिंतीवर, पेटीत, पुस्तकाच्या पानात जे जुने फोटो आहेत ते पाहा. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा, कपडा कोणाचा होता ते लिहा. उसना असेल तर उसना लिहा. ज्यांचा फोटो नाही त्यांचे एखादे वस्त्र शिल्लक असेल तर ते कोणी, केव्हा, कशासाठी नेसले ते वयस्क बायांना विचारून घ्या. कळमनुरीपासून सेनगावपर्यंत अजून सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. दहा वर्षांनी नसतील.

यंदा प्रदर्शन पुन्हा भरते आहे. कोपऱ्यातली दोन छायाचित्रे मी काढलेली नाहीत, ती मध्यभागी आणली आहेत. खालची जातीची चिठ्ठी तशीच ठेवून तिच्यापुढे ‘ही चिठ्ठी कोणी लावली’ एवढी एक ओळ लिहायची आहे. ती ओळ लिहिण्याचे काम सेनगावच्या त्या मुलीने मागून घेतले आहे.